मोजणी

पिल्लू आणायला गेलो होतो.
खिशात चार हजार, मेहुण्याची गाडी,
मागच्या सीटवर महानंदानं शिवलेली गोधडी.

देवणीच्या अलीकडं, तुरीच्या फणकटात
धुळप्पाची मेंढरं बसली होती.
कारवानची पाच पिल्लं.
एकानं माझ्या बुटाची नाडी धरली.
मी म्हणालो, हेच.

थांबा की सायब, धुळप्पा म्हणाला.
दुपारी घरी कोण ऱ्हातंय?
दोघंही नोकरीला.
म्हंजे कुलूप.
अंगण?
गच्ची आहे, तीही आठ बिऱ्हाडांत.
आन् पळायला?

मी गप्प.
वीस वर्षं लोकांच्या बांधावर साखळी ओढली,
आर-गुंठे तोंडपाठ,
पण एका कुत्र्याला किती जमीन लागते
हे सातबाऱ्यावर नसतं.

त्यानं पिल्लाच्या तोंडातून नाडी सोडवली.
ह्ये तुमच्यात खुळं होतंय.
दारं खातंय. तुमी शिव्या देताल,
मंग कुणाला तरी देऊन टाकताल.

शिट्टी मारली,
तशी बैलगाडीच्या सावलीतून
एक लांबडी, मातकट कुत्री उठली.
आधी पुढचे पाय,
मग जरा विचार करून मागचे.

सुतळी हिचं नाव. नऊ वर्साची.
कळपाच्या चालीला आता पुरंना.
हिला निजायला जागा पायजे, पळायला न्हाई.
पैशे ऱ्हाऊ द्या. औषधाला लागतेल.

उदगीरला पोचलो तर महानंदा दारातच म्हणाली,
पिल्लू आणायला गेलात
आणि सासू घेऊन आलात.

पंधरा दिवस तिनं गोधडी ओळखली नाही.
उघड्या फरशीवर, दाराशी, बाहेर तोंड करून.
ताकात कुस्करलेली भाकर खायची,
पाकिटातले दाणे हुंगून माझ्याकडं बघायची,
जणू माझ्याच हातून काही सांडलंय.
जंताची गोळी गुळात घालून दिली:
गूळ गेला, गोळी फरशीवर, कोरडी.
गोचिड्या चिमट्यानं काढताना
ती भिंतीकडं बघत राहायची,
सरकारी दवाखान्याच्या बाकावर
नंबर लागलेली म्हातारी बघते तशी.

डॉक्टर कासले म्हणाले, सांधे गेलेत,
जिने चढू देऊ नका.
आम्ही तिसऱ्या मजल्यावर.
मग रोज दोनदा
सत्तावीस किलो, बेचाळीस पायऱ्या.
पहिल्या दिवशी दात दाखवले तिनं.
आठव्या दिवशी मान खांद्यावर टाकली.
वरचा पोरगा विचारतो,
काका, फिरायला नेमकं कोण जातं?

मे महिन्यात नळ दहाव्या दिवशी.
बादल्यांचा हिशेब महानंदाकडं,
त्यात मलाही सूट नाही.
एका दुपारी लवकर आलो,
तर ती सुतळीखालच्या पोत्यावर तांब्या ओतत होती.
मी चपला वाजवल्या. ती म्हणाली,
सांडलं.

रात्री दोनला नखं वाजतात.
माझा पाय हुंगते, महानंदाचा हात,
स्वयंपाकघर, मोरी, पुन्हा माझा पाय.
दीडशे मेंढरांची मोजणी
दोघांवर कशी बसवायची?
तरी ती रोज मोजते.
कमी भरलं की दाराशी जाऊन उभी.

दिवाळीनंतर नळेगाव रस्त्यानं कळप चालला.
घुंगरं आधी तिलाच ऐकू आली.
मी पट्टा काढला.
धुळप्पानं तिच्या डोक्यावर हात ठेवला,
माझ्याशी पावसापाण्याचं बोलला आणि निघाला.
नाडी खाणारं आता कमरेएवढं झालेलं,
त्यानं आम्हा दोघांना ओळखलं नाही.

धूळ बसेपर्यंत ती बघत होती.
मग डांबरावरच आडवी झाली.
मी उचलावं म्हणून,
की मी जावं म्हणून,
कळलं नाही.

उचलली.
अठ्ठावीस भरली असेल.